मधोमधचं भात

कड

भात कडेकडून कापत आत जायचं. आधी कडेचं, रोजच्या जेवणाचं. मग चिकट भात, मग सोबतभात, आणि सगळ्यांत शेवटी, मधोमध उभं असलेलं, बिऱ्हाडाचं पिढीजात मूळभात. उलटं आजवर कुणी केलेलं नाही. त्यामुळे उलटं केलं तर काय होतं, हेही कुणाला ठाऊक नाही.

सांगाउला हे त्याच्या सासूनं, तांबोंगनं, तो घरजावई होऊन या बिऱ्हाडात आला त्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हा त्याला ती धमकी वाटली होती. आता टक्कल पडल्यावर त्याला वाटायला लागलं होतं, की म्हातारी तेव्हा खरंच विचारत होती.

यंदा सोबतभात कापून झालं होतं. उघड्या खुंटांच्या उतारावर एका खोलीएवढं पिवळं बेट उरलं होतं. ते उद्या. आज लोंब्या वाळवायच्या, पायांनी तुडवायच्या, माळ्यावरच्या कणग्या झाडून घ्यायच्या.

आणि आजच सांगाउची लेक, रिन्या आली.

लांबघरात मुलगी आली की ती सरळ आपल्या दारात पोचत नाही. ओसरी एकच, सगळ्या बिऱ्हाडांची दारं त्या एका ओसरीवर. प्रत्येक दारापुढं बस, खा, बारीक झालीस, केस का कापलेस. रिन्या आईबापाच्या दाराशी आली तेव्हा तिचं अर्धं पोट भरलेलं होतं आणि सांगाउनं तिचा आवाज अकरा वेळा हसताना ऐकला होता.

"एरवी आठवण नाही," लुलोंग म्हणाली. तिच्या मांडीवर मोहरीचा पाला होता आणि लेकीकडं न बघता ती तो खुडत होती. "आणि कापणी संपत आल्यावर बरी उगवली."

"मुद्दाम आले, इंदाई," रिन्या आईला म्हणाली. "मूळभात कापायच्या आत यायचं होतं."

"का गं? कापू लागणार?"

"कापू लागेनच. पण मला थोडं हवंय. बी." रिन्यानं ओंजळ करून दाखवली. "एवढं. आमच्या भातसंशोधन केंद्रासाठी."

पाला खुडणं थांबलं.

कोपऱ्यात मिरीच्या वेलांसाठी खुंट तासत बसलेला जांतिंग, रिन्याचा धाकटा भाऊ, खो खो हसला. "ओंजळ कशाला? कणगीसकट ने! मी होडीत चढवून देतो. एकदाचा सुटेन तरी. या भातासाठी शीळ घालायची नाही, या भातासाठी अमक्या दिवशी कामाला जायचं नाही, या भातापुढं चपला काढायच्या. पलीकडच्या उतारावर लोक तेलताड लावून मोकळे झाले, आणि मी भाताच्या पाया पडतोय."

"तू गप," लुलोंग म्हणाली. "आणि तू पण. मूळभात दाराबाहेर जात नाही. विषय संपला."

"इंदाई, ऐकून तर घे. गेल्या वर्षी दाणा भरायच्या वेळेलाच पाऊस थांबला. खालच्या खोऱ्यात वाटलेलं सुधारित बी उभ्या उभ्या वाळलं. खत घालूनसुद्धा. आणि आपलं?"

"आपलं थोडं कमी आलं."

"थोडं! तेवढ्या थोड्यासाठी तिकडं माणसं आयुष्य घालवतायत. ना खत, ना पाणी, आणि तरी ते उभं राहिलं. का राहिलं, एवढंच बघायचंय."

"उभं राहिलं कारण आम्ही पथ्यं पाळली."

"असेलही," रिन्या म्हणाली. "मग तेही बघू."

लुलोंगनं नवऱ्याकडं पाहिलं. सांगाउनं पाल्याकडं पाहिलं. घरजावई आणि पाला, दोघंही या बिऱ्हाडात बाहेरून आलेले, आणि दोघांनाही अशा वेळी खाली बघायचं कळतं.

दुसरी रांग, म्हणजे म्हातारीचे प्रश्न

– तिकडं बी कुठं ठेवतात?

– थंड खोलीत, इनी, रिन्या आजीला म्हणाली. पाकिटात बंद करून. बर्फापेक्षा गार असते ती.

– मरत नाही गारठून?

– झोपतं.

– झोपलंय हे कसं कळतं? मेलेलंही तसंच दिसतं.

– मधूनमधून थोडं बाहेर काढून उगवून बघतो.

– म्हणजे उठवायचं, जिवंत आहेस का विचारायचं, आणि हो म्हणालं की परत निजवायचं?

– नाही गं. उगवलेलं वाढवतो. त्याचं नवं बी ठेवतो.

– दव पडतं तिथं?

यावर जांतिंगनं कोयता खाली ठेवला. गेलेली माणसं फिरून फिरून शेवटी दव होतात, दव भातात उतरतं, भात ताटात येतो. भिंतीवर क्रूस लागला तरी हे कुणी मनातून काढलेलं नव्हतं. सांगाउचा सासरा याच उतारावर उतरत असणार, जेवताना सांगाउ त्याला मनातल्या मनात नमस्कार करायचा.

– नाही, इनी. दव नाही पडत.

– हं.

तांबोंगला राग आला नव्हता. नव्या गावाची वाट विचारून घ्यावी तशी तिनं मान हलवली आणि विड्याचं पान दुसऱ्या गालात सरकवलं.

– आणि तिकडं पेरता तेव्हा मधे मूळभात आणि भोवती सोबतभात, असंच ना?

– नाही. प्रत्येक वाणाचा वाफा वेगळा. एकेकटा.

– एकेकटा? मग सोबतीशिवाय ते कसं वागतं?

– बाकीच्यांचं सांगू शकते. आपल्याचं माहीत नाही. म्हणून तर आले.

– मलाही माहीत नाही, म्हातारी म्हणाली. मी माझ्या आईला विचारलं होतं एकदा. तिनं थोबाडीत दिली.

थोडं आत

सांगाउच्या आईचं बिऱ्हाड वरच्या वळणावरच्या लांबघरात होतं. होतं. तो इकडं आला, त्याचा भाऊ बिंतुलूला वेल्डिंगच्या कामावर गेला, आई गेली, दाराला फळी ठोकली गेली. त्यांचं मूळभात कधी, कुठल्या वर्षी पेरायचं राहिलं ते कुणी सांगितलं नाही, कारण तसं सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. एका वर्षी पेरलं नाही. पुढल्या वर्षी पेरायला नव्हतं.

चव आठवते, असं तो म्हणायचा. प्यायल्यावर तर नक्कीच म्हणायचा. ते खरं नव्हतं.

म्हणून रिन्यानं ओंजळ पुढं केली तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे: घेऊन जा, बाई, लवकर. आणि लगेच दुसरं: लुलोंग मला घरात ठेवणार नाही.

ओसरी

बिऱ्हाडाच्या आत बोलतात ते भांडण. ओसरीवर बोलतात ते मागणं. दोन वर्षांच्या पोरालाही हे शिकवावं लागत नाही. पण जांतिंग चिडला होता.

रिन्या त्याला एवढंच म्हणाली होती, "उद्या इंदाईनंतर हे तुझ्याकडं येणार, आणि तू तेलताड लावणार. मग बघायला काही उरणारच नाही. म्हणून आत्ता मागतेय." खरं बोलली होती, त्यामुळे जास्तच लागलं. तो ताडकन उठला, दाराबाहेर ओसरीवर गेला, आणि तिथून वळून ओरडला:

"एवढा पुळका आहे ना, मग वाटणी घे! घे सोबतभात, मांड तुझी वेगळी चूल, आणि बस त्याचं काय करायचं ते करत!"

ओसरीवर चटया विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. दोन बिऱ्हाडं सोडून जाळं दुरुस्त करत बसलेला तुआई बेलायोंग, साऱ्या लांबघराचा म्होरक्या, यानं चष्मा कपाळावर सरकवला.

तुआई: वाटणी कुणी काढली?

जांतिंग: चिडून बोललो, तुआई. सोडा.

तुआई: चिडून बोल की गाऊन बोल. मूळभात अजून उभं आहे आणि ओसरीवर वाटणीचा शब्द पडलाय. पडलेला तसाच ठेवून उद्या कापायला जाता येणार नाही. एक तर कुणी उचला, नाहीतर सगळ्यांसमोर मोडा. रिन्या, ये बाहेर. उचलतेस?

(रिन्या दारात. तिच्या मागं लुलोंग. लुलोंगच्या मागं सांगाउ. सगळ्यांच्या मागून तांबोंग भिंत धरत येते, कारण तिला ऐकायचंय.)

रिन्या: उचलला तर काय होतं, ते आधी सांगा.

तुआई: निघणाऱ्याला सोबतभात मिळतं. तुझ्या चुलीवर गेलं की ते तुझं मूळभात.

रिन्या: मग ते मी कुणाला दाखवू शकते? देऊ शकते? चिरून बघू शकते?

तुआई: तुझ्या चुलीचं ते. दाखव, दे, नाहीतर शिजवून खा.

रिन्या: आणि इथलं? मधलं?

तुआई: त्याच्याकडं पाठ. उद्या कापतील तेव्हा तू त्या बेटात पाऊल घालायचं नाहीस. उद्या नाही आणि पुढंही नाही. तुझी जेवायची थाळी आहेच, पण पाहुणी म्हणून.

लुलोंग: ऐकलंस? पाहुणी.

एक बाई (चटईवरून): लग्न नाही, पोर नाही, आणि वाटणी! असं कधी ऐकलं नव्हतं बाई.

तांबोंग: मीही नव्हतं ऐकलं. काय होतं ते बघू तरी.

लुलोंग: इंदाई! तुझ्या नातीला घराबाहेर काढतायत, आणि तुला बघायचंय?

तांबोंग: ती तर शिकायला गेली तेव्हाच बाहेर गेली. फक्त चूल इथं होती. मला ते सोबतभात एकटं वाढलेलं बघायचंय. तुला नाही?

(लुलोंग मान फिरवते. यावरून सांगाउला कळतं, की तिलाही.)

रिन्या: मला मधलं हवं होतं, इनी.

तांबोंग: मधलं कुणालाच मिळत नाही. ते मधेच असतं. जे मिळतंय ते हवंय का, ते बोल.

रिन्यानं ओसरीच्या लांबलचक फळ्यांकडं पाहिलं. याच फळ्यांवर ती रांगली होती. सांगाउला वाटलं, ती आता रडेल. तिनं विचारलं:

"सोबतभात मूळभाताच्या शेजारी नसताना कुणी कधी पेरून बघितलंय?"

"वाटणी घेऊन गेलेल्यांनी पेरलं असणार," तुआई म्हणाला. "पण परत येऊन सांगितलं कुणी नाही."

"मी येऊन सांगेन," रिन्या म्हणाली. "उचलला."

मग तुआईनं रीतीप्रमाणं बिऱ्हाडातल्या एकेकाला हरकत विचारली. एकाची जरी हरकत निघाली तरी शब्द मोडतो. तांबोंगची नव्हती. जांतिंग घोगऱ्या आवाजात म्हणाला, शब्द माझाच, मी काय बोलू. लुलोंगला हरकत घ्यायची होती, अंगभर होती ती तिच्या, पण लेकीला नाही म्हणणारी आई तिला व्हायचं नव्हतं.

"रिन्याच्या बापाला विचारा," ती म्हणाली. "तो म्हणेल ते माझं."

आणि तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं, की काय म्हणायचं ते त्याला नीट कळावं.

साऱ्या ओसरीवर सांगाउला कुणी सांगाउ म्हणत नव्हतं. पहिलं मूल झालं तेव्हापासून तो आपाई रिन्या, रिन्याचा बाप. त्याला मध्येच वाटून गेलं, ती वेगळी झाली तर लोक मला हाक कशी मारणार? त्यानं घसा खाकरला.

"वरच्या वळणावरचं आमचं मूळभात आठवतंय का कुणाला?"

"तुझ्या आईचं?" तुआई म्हणाला. "लाल कुसळांचं होतं."

"काळ्या," चटईवरची बाई म्हणाली. "मी खाल्लंय. काळ्या कुसळांचं."

"लाल."

"अहो काळ्या!"

"मला विचाराल," सांगाउ म्हणाला, "तर मला दोन्ही आठवतं. म्हणजे काहीच आठवत नाही." लुलोंगची नजर त्याच्या कानशिलावर होती. "माझी हरकत नाही."

लुलोंग आत निघून गेली.

सगळ्यांना वाटलं, ती आता बाहेर यायची नाही. पण आतून माळ्याची शिडी करकरली, सूप आपटल्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं ती आली ती काखेत भांडं, खांद्यावर चटई, मिठाची पुरचुंडी, आणि पाठीवर सोबतभाताची टोपली, इतकी काठोकाठ की चालताना दाणे सांडत होते.

"ओंजळ मागत होती," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. "माझ्या दारातून वाटणी निघणार ती ओंजळभर? लोक काय म्हणतील? धर."

रिन्यानं टोपली धरली. जड होती. तिचे खांदे खाली गेले.

"चूल आहे का तुझ्या तिकडं?" तुआईनं विचारलं.

"गॅस आहे."

तुआई विचारात पडला. "गॅसला राख नसते."

"बिनराखेची चूल," तांबोंग म्हणाली. "तेही एक बघायला हवं. चालेल, चालेल. लिही तिचं बिऱ्हाड."

"लिहायचं नसतं, आजीबाई, बोलायचं असतं."

"मग बोल! माझे पाय दुखतात."

तुआई बोलला. ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर थोडी तुआक, घरची तांदळाची दारू, फिरली, आणि कुणीतरी सांगाउला पेला देत म्हणालं, "घ्या, आपाई रिन्या." त्यानं म्हातारीकडं पाहिलं.

"नाव तुटत नाही रे," ती म्हणाली. "चूल तुटते."

जांतिंग अजून खांबाला टेकून उभा होता. पेला त्याच्यापर्यंत आला, तो त्यानं घेतला नाही.

"म्हणजे मूळभात आता," तो म्हणाला, "इंदाईनंतर..."

"तुझं," लुलोंग म्हणाली. "नाहीतर काय मांजराचं?"

संध्याकाळी लुलोंगनं अंथरुणं घातली. रिन्याचं तिनं ओसरीवर घातलं, पाहुण्यांचं घालतात तिथं. पण चादर आतली दिली.

मधोमध

सकाळी धुकं नदीवरून उठायच्या आत ते उतारावर पोचले. तांबोंग खोपीत बसली. रिन्या बेटाच्या कडेशी, खुंटांमध्ये उभी राहिली. हातात टोपी, पायांत बूट, आणि बुटांची टोकं पिवळ्या रांगेपासून बरोब्बर वीतभर मागं.

कोण आधी आत जाणार, हे लुलोंगनं ठरवायचं. ती दरवर्षी स्वतः जायची. तिनं तळहातात मावणारं कापायचं पातं जांतिंगच्या हातात ठेवलं.

"मी? आधी?"

"शिकून घे. मला काय तुझ्या तेलताडाखाली पुरायचंय?"

तो चपला काढून आत गेला. छातीपर्यंतच्या भातात तो एकदम लहान दिसायला लागला. त्यानं एक लोंबी धरली, दोन बोटांत, कापली. दुसरी. तिसरी. वाटेत मोकळी जागा राहू द्यायची नाही, लोंब्यांची वाट तुटली तर भातातल्या जिवाला आत यायचा रस्ता सापडत नाही, हे त्याला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. दर दोन पावलांना तो मागं वळून बघत होता.

"जांतिंग," रिन्यानं कडेवरून हाक मारली. "पानं कुठून पिवळी झालीत? टोकाकडून की बुडाकडून?"

"पानासारखी पानं!"

"नीट बघ ना रे."

"बघतोय! भाताचं पान आहे, पिवळं आहे."

"मला दिसत नाहीये इथून. तू आत आहेस."

सांगाउ सोबतभाताच्या खुंटांत उभा होता, दोघांच्या मध्ये. त्याला वाटलं, जांतिंग आता पातं टाकून देईल. पोरगा तसाच आहे, कुणी टोचलं की टाकून देतो. मागली मिरीची लागवड अशीच टाकली होती, बिंतुलूची नोकरी अशीच टाकली होती.

जांतिंग उकिडवा बसला. भातात नाहीसा झाला.

"टोकाकडून," आतून आवाज आला. "नाही. थांब. एका बाजूनं."

"एका बाजूनं म्हणजे?"

"म्हणजे या ओळीची एकाच बाजूनं पिवळी आहेत. नदीकडच्या. डोंगराकडची अजून हिरवी आहेत." भात हललं. तो पुढच्या ओळीत गेला असावा. "हिचीपण. आणि हिचीपण."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. असं का असेल गं?"

रिन्याचा पाय उचलला गेला. सांगाउनं तो उचललेला पाहिला, लुलोंगनंही पाहिला. रिन्यानं तो पुन्हा होता तिथंच टेकवला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडचं बी असं करतं का, ते मी बघेन. इथलं तूच बघायचं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

खोपीतून म्हातारीचा आवाज आला, काय म्हणतोय तो, मोठ्यानं सांगा. कुणी सांगितलं नाही, कारण लुलोंग, जी काल टोपली दिल्यापासून लेकीशी एक अक्षर बोलली नव्हती, दोन पावलं पुढं आली होती. भाताकडं मान लांबवून ती म्हणाली:

"नदीकडच्या अंगाला माती कशी लागते? बोटं घाल बघू. बुडाशी. आणि दुसरा हात वरच्या अंगाला."

"ओली आहे दोन्हीकडं."

"वर वर नको रे. खोल घाल. मुळांच्या खाली." मग कडेकडं न बघता: "खालीच बघायचं ना?"

"हो, इंदाई," रिन्या म्हणाली. "खालीच."

लोंब्यांच्या मधून सांगाउला मुलाची पाठ दिसत होती, आणि त्याचा हात. मनगटापर्यंत मातीत गेला. मग कोपरापर्यंत.